सात प्रश्नांची बेरीज

सात प्रश्न आणि प्रत्येकाची चार उत्तरं. एवढासा कागद किती तऱ्हांनी भरता येईल? चाराचा सातवा घात, म्हणजे १६,३८४ तऱ्हांनी. आणि या सगळ्या तऱ्हा शेवटी जाऊन मिळतात शून्य ते एकवीस या बावीस आकड्यांना. नुसती दहा ही बेरीज घेतली तरी ती २,१२८ वेगवेगळ्या मार्गांनी येऊ शकते. एखाद्याला सतत वाटत असतं की काहीतरी भयंकर घडणार, पण तो घरात कुणावर चिडत नाही. दुसरीला तशी भीती नाही, पण तिला एका जागी बसवत नाही आणि बारीकसारीक गोष्टीवरून पोरांवर आवाज चढतो. दोघांच्या कागदाच्या तळाशी आकडा एकच. माणसामाणसांतला इतका फरक पुसून टाकणारी बेरीज डॉक्टरांच्या काय कामाची, असं कुणालाही वाटेल.

ती कामाची आहे, हे मोजून दाखवलेलं आहे. कसं, ते बघायला लागलं की थक्क व्हायला होतं.

या कागदाचं नाव ‘जीएडी-७’. जीएडी म्हणजे जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर, अमुकच एका गोष्टीची नाही तर सगळ्याचीच काळजी महिनोनमहिने मागे लागण्याचा आजार. वर एक ओळ असते: गेल्या दोन आठवड्यांत पुढील गोष्टींचा त्रास तुम्हाला किती वेळा झाला? मग सात ओळी येतात. अस्वस्थ, धास्तावल्यासारखं वाटणं. काळजी करणं थांबवता न येणं. निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी वाटणं. निवांत होता न येणं. एका जागी बसवेनासं होणं. पटकन चिडायला होणं. आणि काहीतरी भयंकर होईल अशी भीती वाटणं. उजवीकडे चार रकाने: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. गुण अनुक्रमे शून्य, एक, दोन, तीन. बेरीज पाचपासून पुढे सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. भरायला दोन-तीन मिनिटं पुरतात.

सातव्या ओळीखाली आणखी एक प्रश्न असतो, त्याला गुण नाहीत. या त्रासामुळे काम करणं, घरचं बघणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालं आहे? हा बिनगुणांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बारा गुण असूनही ज्याचं सगळं नीट चाललंय तो, आणि नऊ गुणांतच जिला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहवत नाही ती, यांतलं कोण आधी डॉक्टरांपुढे बसायला हवं हे बेरजेपेक्षा ती एक ओळ चांगलं सांगते.

हा कागद लागतोच कशाला? काळजी कुणाला नसते? मुलीची बारावी, कर्जाचा हप्ता, गावाकडच्या आईची साखर. पण बारावीचा निकाल लागला की ती काळजी उतरते. चिंताविकारात ती उतरत नाही, दुसऱ्या खांद्यावर जाऊन बसते. निकाल लागला तर प्रवेशाची, प्रवेश झाला तर वसतिगृहाची, तेही जमलं तर मुलीचा फोन दहा मिनिटं उशिरा आला याची. हळूहळू शरीरही त्यात ओढलं जातं: मान आखडते, पोट बिघडते, छाती धडधडते, झोप तुटते. आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो या शरीराच्या तक्रारी घेऊन. ‘पित्त वाढलंय’, ‘अशक्तपणा आलाय’, ‘छातीत कसंतरी होतं’. ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल येतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका. माणूस बरं म्हणून उठतो आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे तोच ईसीजी पुन्हा काढतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. जीएडी-७ ज्यांनी तयार केली त्यांनी अमेरिकेतल्या साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत आलेल्या ९६५ रुग्णांची नीट मुलाखत घेतली. त्यांतल्या १९.५ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ दर पाचव्या माणसाला, कुठला ना कुठला चिंताविकार होता. सततच्या काळजीचा आजार ७.६ टक्क्यांना, अचानक घाबराघुबरा करणारा पॅनिक डिसऑर्डर ६.८ टक्क्यांना, चारचौघांत जायची भीती ६.२ टक्क्यांना आणि आघातानंतरचा विकार ८.६ टक्क्यांना. काहींना एकाहून जास्त. यांतले ४१ टक्के लोक कसलाच उपचार घेत नव्हते. ही माणसं डॉक्टरांच्या समोर बसत होती आणि तशीच परत जात होती. भारताचा अंदाज सांगायचा तर २०१७ मध्ये देशात सुमारे साडेचार कोटी लोकांना चिंताविकार असल्याची गणना ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आली आहे.

माणसालाच कागदावर विचारायचं, ही कल्पना युद्धातून आली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारात सैनिक थरथरत, मुके होत, चालायचे थांबत. अंगावर जखम नसे. त्याला ‘शेल शॉक’ म्हणत. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा लाखो तरुणांची भरती सुरू झाली. त्या गर्दीत कोण आधीच डळमळीत आहे हे एकेकाला डॉक्टरसमोर बसवून तपासणं शक्य नव्हतं. कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी एक प्रश्नावली तयार केली: ११६ प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. अनेकांना एकाच वेळी खोलीत बसवून भरून घेता येईल अशी. ती पुरती तयार होऊन वापरात येण्याआधीच युद्ध संपलं. सैन्याच्या फारशी उपयोगी पडली नाही, पण पुढच्या अनेक व्यक्तिमत्त्व-चाचण्यांची ती आजी ठरली.

हो-नाहीपासून ‘काही दिवस’, ‘जवळजवळ रोज’पर्यंतचा टप्पाही त्याच विद्यापीठात ओलांडला गेला. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट या तरुण संशोधकाने दाखवून दिलं की लोकांना चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर उत्तर द्यायला सांगितलं आणि त्या पायऱ्यांना सरळ एक, दोन, तीन असे आकडे देऊन बेरीज केली, तरी भल्यामोठ्या किचकट पद्धतींच्या तोडीचं मोजमाप मिळतं. आज हॉटेलचं बिल देताना किंवा रिक्षा ॲपवर आपण जे तारे देतो, ते त्याच्या प्रबंधातल्या पायऱ्यांसारखेच आहेत. तो छापला गेला ‘आर्काइव्ह्ज ऑफ सायकॉलॉजी’ या मालिकेत, आणि त्या मालिकेचे संपादक होते वुडवर्थ! पुढे त्याच कोलंबियात रॉबर्ट स्पिट्झर आले. १९८० साली मानसिक आजारांची अमेरिकन सूची मुळापासून नव्याने लिहिणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. कोणत्या आजाराला नेमकी कोणती लक्षणं हवीत, किती हवीत, किती काळ हवीत, हे त्या सूचीने पहिल्यांदा इतकं काटेकोर बांधून दिलं. त्या लक्षणांचे प्रश्न करून ते थेट दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचे, हे त्यांचं पुढचं काम. त्यांच्या पत्नी जॅनेट विल्यम्स, इंडियानातले डॉक्टर कर्ट क्रोन्की आणि जर्मनीतले बर्न्ड लोव यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये जीएडी-७ छापली. फायझर कंपनीच्या अनुदानावर हे काम झालं, पण कागद सगळ्यांना फुकट आहे. कुणाचीही परवानगी न घेता तो छापता येतो, आणि याच एका निर्णयामुळे तो जगभर पसरला असं मला वाटतं.

आता मूळ कोड्याकडे येऊ. ‘काही दिवस’ म्हणजे नक्की किती दिवस? कुणाला तीन वाटतील, कुणाला सहा. आज सकाळी नवऱ्याशी भांडण झालं असेल तर ‘चिडचिड’च्या ओळीत एक गुण जास्त पडेल. गेल्या मंगळवारी कसं वाटत होतं हे कुणाला आठवतं? एकेक उत्तर इतकं कच्चं असताना बेरीज पक्की कशी होते?

याचं उत्तर चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राऊन या दोन इंग्रजांनी १९१० मध्ये एकाच नियतकालिकात स्वतंत्रपणे दिलं होतं. प्रत्येक उत्तरात दोन भाग असतात: एक खरा, दुसरा अपघाती. खरा भाग सातही ओळींत एकाच दिशेला ओढतो, कारण मुळात अस्वस्थ असलेल्या माणसाला थोडी धास्तीही असते, थोडी चिडचिडही, थोडं बसवेनासंही होतं. अपघाती भाग मात्र कधी वर ढकलतो, कधी खाली. बेरीज करत गेलं की खरा भाग साठत जातो आणि अपघाती भाग एकमेकांना खात जातो. प्रश्न वाढवले की भरवसा वाढतो, आणि किती वाढेल हे सूत्रातून आधीच काढता येतं. पण तो वाढण्याचा वेग मंदावत जातो. पहिल्या चार-पाच प्रश्नांनी जेवढं मिळतं तेवढं पुढच्या वीस प्रश्नांनी मिळत नाही. म्हणून ११६ प्रश्नांवरून माणूस सातावर येऊ शकला.

सातच का, आणि हेच का? सुरुवातीला तेरा प्रश्न होते. नऊ मानसिक आजारांच्या त्या अमेरिकन सूचीतल्या लक्षणांवरून घेतलेले, चार आधीच्या प्रश्नावल्या चाळून काढलेले. १५ दवाखान्यांतल्या २,७४० प्रौढ रुग्णांनी हे कागद भरले. कोणता प्रश्न एकूण बेरजेशी सर्वांत घट्ट बांधलेला आहे हे तपासून सात ठेवले, सहा काढून टाकले. मग खरी परीक्षा. मगाशी ज्यांचा उल्लेख आला त्या ९६५ जणांना आठवडाभरात फोन गेला आणि मानसोपचारातल्या जाणकारांनी त्यांची सविस्तर मुलाखत घेतली. कागदावर किती गुण पडलेत हे मुलाखत घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. दोन निकाल शेजारी ठेवले. ज्यांना मुलाखतीत आजार निघाला, त्यांच्यातल्या ८९ टक्के लोकांची बेरीज दहा किंवा जास्त होती. ज्यांना नव्हता, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांची दहाच्या खाली. दोन-तीन मिनिटांचा कागद आणि प्रशिक्षित माणसाची मुलाखत एकमेकांच्या इतक्या जवळ यावीत याचं मला आजही नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र खटकायला हवी. कागद विचारतो दोन आठवड्यांचं, आणि सूचीनुसार हा आजार म्हणायला काळजी सहा महिने टिकलेली असावी लागते. मग हे जुळलं कसं? संशोधकांनी तेही तपासलं. दहा किंवा जास्त गुण मिळालेल्या जवळजवळ सगळ्यांनाच त्रास महिन्याहून अधिक काळ होत होता आणि साधारण दोन तृतीयांश लोकांना सहा महिन्यांहून अधिक. काळजी दोन आठवड्यांसाठी पाहुणी म्हणून फारशी येतच नाही.

आता ८९ आणि ८२ हे आकडे ऐकून माणूस चटकन एक निष्कर्ष काढतो: माझी बेरीज दहा आली, म्हणजे मला हा आजार असण्याची शक्यता ८९ टक्के. असं नसतं, आणि का नसतं हे समजून घेतल्याशिवाय हा कागद कुणी हातात धरू नये असं माझं ठाम मत आहे.

हजार माणसं घ्या. त्या अभ्यासातल्या प्रमाणाने त्यांतल्या ७६ जणांना आजार असेल. कागद त्यांतले ६८ पकडेल, ८ सुटतील. उरलेल्या ९२४ जणांना हा आजार नाही. त्यांतल्या १८ टक्के लोकांवर कागद चुकून बोट ठेवेल, म्हणजे १६६ जणांवर. एकूण बोट ठेवलेले २३४, त्यांत खरे ६८. शंभरातले २९! आणि तोच कागद दहाच्या खाली गुण मिळालेल्या ७६६ जणांना ‘जा’ म्हणाला, त्यांत चुकलेले फक्त ८. म्हणजे ‘नाही’ म्हणण्यात तो फार पक्का आहे आणि ‘हो’ म्हणण्यात कच्चा. तांदूळ चाळताना खडा एकही खाली जाऊ नये म्हणून बारीक भोकांची चाळण घेतली की खड्यांबरोबर थोडे चांगले दाणेही वर राहतात. ते मग हाताने निवडावे लागतात. इथे ते निवडणं म्हणजे डॉक्टरने समोर बसून केलेली विचारपूस. ती विचारपूस काढून टाकली आणि वर राहिलेलं सगळं खडा म्हणून फेकलं, तर दोष चाळणीचा नव्हे.

गंमत पुढे आहे. चाळण तीच, भोकं तीच, पण खोली बदलली की उत्तराचा अर्थ बदलतो. हजारांत फक्त २० जणांना आजार असेल अशा एखाद्या निवांत गटात हाच कागद वाटला, तर बोट ठेवलेल्या १९४ जणांत खरे १८ निघतील, शंभरात नऊ. आणि जिथे हजारांत ३०० जण आजारी आहेत अशा मानसोपचाराच्या ओपीडीत वाटला, तर बोट ठेवलेल्या ३९३ जणांत २६७ खरे, शंभरात ६८. कागदावरचा एकही शब्द बदललेला नाही. मोबाइलवर रात्री अकरा वाजता एकट्याने प्रश्नावली भरून ‘तुम्हाला मध्यम चिंताविकार आहे’ असा निकाल वाचणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि त्या निकालाच्या खाली बोलायला माणूस नसतो. हे मला खरोखर चुकीचं वाटतं.

चुकून बोट ठेवलेल्या १६६ जणांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्यांतले बरेच जण अगदी ठणठणीत नसतात. कुणाला सततच्या काळजीऐवजी पॅनिकचा आजार असतो, कुणाला नैराश्य. जीएडी-७ चा उंबरठा आठवर आणला तर कोणताही चिंताविकार असलेल्यांपैकी ७७ टक्के लोक ती पकडते, असं त्याच चमूला पुढच्या वर्षी दिसलं. आणखी काहींचा दोष मनात नसतोच. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, थरथर, अस्वस्थता, चिडचिड सगळं होतं. दम्याच्या पंपातल्या औषधानेही हात थरथरतात. दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्याचं वेगळं सांगायला नको. म्हणून चांगले डॉक्टर बेरीज बघितल्यावर आधी मान चाचपतात, थायरॉइडची तपासणी लिहून देतात, औषधांची चिठ्ठी मागतात.

शरीराचं काय करायचं, यावर प्रश्नावल्या करणाऱ्यांनी एकमेकांच्या अगदी उलटे निर्णय घेतले आहेत. इंग्लंडमध्ये लीड्सच्या झिगमंड आणि स्नेथ या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८३ मध्ये रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या माणसांसाठी चौदा प्रश्नांचा कागद केला आणि शारीरिक लक्षणं जाणूनबुजून गाळली. कॅन्सरच्या माणसाला थकवा येणारच, भूक जाणारच, ती काळजीच्या खात्यात का मांडायची? पाच वर्षांनी अमेरिकेत ॲरन बेक यांनी एकवीस लक्षणांची यादी केली ती बहुतांश शरीराची: मुंग्या, घाम, धडधड, गरगरणं. त्यांना चिंता नैराश्यापासून वेगळी काढायची होती आणि त्यासाठी शरीर अधिक उपयोगी पडत होतं. दोघंही बरोबर. कुणाला, कुठे, कशासाठी विचारायचं आहे, यावरून प्रश्न ठरतात. जीएडी-७ मध्ये छाती, पोट, घाम यांतलं काहीच नाही हे लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडे काळजी बहुतेकदा तिथूनच बोलते.

विचारणारा कोण, हेही उत्तरात मिसळतं. १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात टर्नर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांना तेच नाजूक प्रश्न काहींना कागदावर दिले, काहींना हेडफोन लावून संगणकावर ऐकवले. संगणकासमोर मुलांनी हिंसा आणि व्यसनांबद्दल बरंच जास्त कबूल केलं. उत्तर कुणाच्या नजरेला पडणार नाही असं वाटलं की माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो. आता आपल्या गावात या. आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात: तंबाखू, कंबरेचा घेर, घरात कुणाला साखर आहे का. त्या फॉर्मच्या शेवटच्या भागात दोन आठवड्यांतल्या मनःस्थितीचे दोन प्रश्न आहेत, नैराश्य शोधणारे. ओसरीवर आशाताई, समोर सून, आतल्या दाराशी सासूबाई, शेजारीण पाणी भरता भरता थांबलेली. ‘गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?’ सून काय उत्तर देणार? ‘नाही ताई, बरं आहे सगळं.’ रकान्यात शून्य पडतं. सूत्रात कुठेच न मावणारी ही चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला ताईंना एवढंच जमायला हवं की सुनेला ‘चल गं जरा रस्त्यापर्यंत सोडायला’ म्हणून बाहेर काढायचं. चिंतेचे प्रश्न त्या फॉर्मवर नाहीत. जीएडी-७ चे पहिले दोन प्रश्न एकटेही बरंच काम करतात, तीन किंवा जास्त गुण पडले की पुढे विचारायचं. ते दोन तिथे यावेत असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत प्रतिबंधक तपासण्यांबद्दल शिफारशी करणाऱ्या कृती दलाने जून २०२३ मध्ये पहिल्यांदाच सांगितलं की ६४ वर्षांपर्यंतच्या सर्व प्रौढांना, गरोदर आणि बाळंत स्त्रियांनाही, तक्रार नसली तरी चिंतेबद्दल विचारावं. ६५ च्या पुढच्यांसाठी पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांनी शिफारस केली नाही. ही शिफारस उभी आहे ती बरीचशी आडवाटेच्या पुराव्यावर: प्रश्नावल्या आजार शोधतात हे सिद्ध आहे, उपचारांनी चिंता कमी होते हेही सिद्ध आहे, म्हणून शोधून उपचार केले तर भलं होईल. मधला दुवा जोडणारे थेट प्रयोग थोडे आहेत. शोधल्यावर पुढे हात धरणारं कुणी हवं, हे त्या दलानेही बजावलं आहे.

तो हात कुणाचा असू शकतो, हे गोव्यात तपासलं गेलं. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेच्या लोकांनी आधी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे सहाशे रुग्णांवर पाच प्रश्नावल्या एकमेकींशी लावून पाहिल्या. २००८ मध्ये निष्कर्ष आला: पाचही बऱ्यापैकी चालतात, त्यांतल्या दोन अधिक सरस. एक लंडनच्या डेव्हिड गोल्डबर्ग यांची, १९७२ मध्ये साठ प्रश्नांची असलेली आणि नंतर बारांवर आणलेली. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची, वीस प्रश्नांची, नुसती हो-नाहीची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवता येते.

मग आला ‘मानस’ हा मोठा प्रयोग. गोव्यातले २४ दवाखाने, बारा सरकारी, बारा खाजगी फॅमिली डॉक्टरांचे. सगळीकडे गोल्डबर्गच्या बारा प्रश्नांनी चाळणी. निम्म्या दवाखान्यांत डॉक्टरांना निकाल कळवला आणि पुढचं त्यांच्यावर सोडलं. उरलेल्या निम्म्यांत एक स्थानिक तरुणी बसवली. पदवीधर, पण आरोग्यसेवेशी आधी काही संबंध नसलेली, दोन महिने शिकवून तयार केलेली. चाळणीत वर राहिलेल्या माणसाला ती बाजूला घेऊन बसायची. त्रास कशाने होतो, काळजी आणि छातीतली धडधड यांचा संबंध काय, श्वास कसा घ्यायचा, हे समजावायची, पुढच्या वेळी पुन्हा बोलवायची. गरज पडली तर केंद्रातले डॉक्टर गोळ्या द्यायचे, आणि फारच अवघड झालं तर भेटीला येणारे मानसोपचारतज्ज्ञ होते.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत जिथे ही तरुणी होती, तिथे चिंता-नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोक सहा महिन्यांत बरे झाले. जिथे कागदाचा निकाल डॉक्टरच्या हातात देऊन पुढचं त्यांच्यावर सोडलं होतं, तिथे सुमारे ४२ टक्के. चाळणी दोन्हीकडे तीच होती. सरकारी ओपीडीत डॉक्टरपुढे रांग लागलेली असते, केसपेपरवर एक ओळ लिहायला वेळ नसतो, तिथे तिच्या खुर्चीने एवढा फरक पाडला.

खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्ही बाजूंना आकडे जवळजवळ सारखे आले, साठीच्या वर, तरुणी असो वा नसो. तिथले डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षं ओळखत होते, कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि बहुधा ते मुळातच बसून ऐकत होते.